शहरी उद्याने आणि मैदाने : पैसा येतो कुठून, अडतो कुठे

महाराष्ट्रातील एखाद्या शहरात सार्वजनिक उद्यान, खेळाचे मैदान, टेकडीवरची फिरण्याची वाट किंवा जलतरण तलाव उभा राहतो, तेव्हा त्यावर तीन प्रकारचा खर्च होतो : जमीन ताब्यात घेण्याचा, तेथे बांधकाम व लागवड करण्याचा आणि पुढे दरवर्षी ती जागा राखण्याचा. जमिनीचा बराचसा मोबदला हल्ली रोख दिला जात नाही. तो वाढीव बांधकामाच्या हक्काच्या रूपाने भागवला जातो. उभारणीसाठी केंद्र, राज्य, जिल्हा नियोजन समिती, आमदार, खासदार आणि कंपन्या असे अनेक दाते पुढे येतात. देखभालीचा खर्च मात्र जवळजवळ सगळा महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या महसुली अंदाजपत्रकावर पडतो आणि त्यासाठी कोणताही हक्काचा स्रोत राखून ठेवलेला नाही. उद्याने थाटात उघडतात आणि काही वर्षांत ओसाड पडतात, याचे मूळ बरेचसे या वाटणीत आहे.

कायद्यातील स्थान

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आहे. उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हा त्यातील बारावा विषय. मात्र अनुसूची विषय सांगते, पैसा देत नाही. कोणता विषय किती अधिकारांसह सोपवायचा आणि त्यामागे कोणते उत्पन्न द्यायचे, हे राज्याचा कायदा ठरवतो.

राज्याच्या कायद्यांत उद्यानांचे स्थान दुय्यम आहे. मुंबई महानगरपालिकेचा १८८८चा अधिनियम आणि इतर महापालिकांना लागू असलेला १९४९चा अधिनियम, दोन्ही कर्तव्यांची बंधनकारक आणि स्वेच्छाधीन अशी विभागणी करतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्त्यांवरील दिवे, कचरा उचलणे ही कामे पहिल्या गटात येतात. सार्वजनिक उद्याने आणि क्रीडांगणे दुसऱ्या गटात. स्वेच्छाधीन कामासाठी पालिका खर्च करू शकते, पण तो न केल्यास कायद्याने तिला जाब विचारणे अवघड असते. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की ती या कामांवर आधी चालते.

विकास आराखड्याचा कायदा मात्र वेगळ्या भाषेत बोलतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रत्येक शहराच्या आराखड्यात मोकळ्या जागा, उद्याने आणि मैदाने यांसाठी जमीन राखून ठेवायची असते. म्हणजे एक कायदा उद्यानासाठी नकाशावर जागा दाखवायला लावतो आणि दुसरा त्यावर खर्च करण्याची सक्ती करत नाही.

जुनी पद्धत : सुधारणा न्यासापासून सिडकोपर्यंत

मुंबईतील सर्वांत जुन्या बागांपैकी एक, भायखळ्याची राणीची बाग, १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या देखरेखीखाली सुरू झाली आणि १८७३ मध्ये पालिकेकडे आली. संस्थेने उभारलेली बाग पुढे पालिकेने पोसायची, हा क्रम तेव्हापासूनचा आहे. पुण्यातील एम्प्रेस गार्डन मात्र आजही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी याच नावाच्या संस्थेकडे आहे.

१८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधारणा न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या फोडणे, रुंद रस्ते काढणे आणि नवे भाग वसवणे हे त्याचे काम. दादर-माटुंगा भागाची आखणी करताना न्यासाने भूखंड पाडून ते भाडेपट्ट्याने दिले आणि त्याच आखणीत मोकळ्या जागा ठेवल्या. माटुंग्याची पाच उद्याने ही त्या आखणीची देणगी. त्याच परिसरातील माहीम पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. या पद्धतीत मैदानासाठी वेगळा निधी शोधावा लागत नव्हता. मैदानामुळे भोवतीच्या भूखंडांची किंमत वाढे आणि भूखंडांच्या उत्पन्नातून मैदानाची किंमत वसूल होई.

हेच तत्त्व १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यात आले. नगररचना योजनेत सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडले जातात, प्रत्येकाच्या जमिनीतून थोडा हिस्सा रस्ते-बागांसाठी काढला जातो आणि वाढलेल्या किमतीवर सुधारणा आकार घेतला जातो. गुजरातने ही पद्धत नेटाने चालू ठेवली. महाराष्ट्रात ती मागे पडली आणि अलीकडे पुणे महानगर प्रदेशात म्हाळुंगे-माणसारख्या योजनांतून पुन्हा पुढे आली.

सिडकोने नवी मुंबईत या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या हाती जमीन आधी होती. ती विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, स्थानके, उद्याने उभारायची, असा त्याचा हिशेब. नवी मुंबई महापालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आल्यावर सिडकोने विकसित केलेल्या भागांतील बागा टप्प्याटप्प्याने तिच्याकडे गेल्या. जमीनविक्रीचे उत्पन्न सिडकोकडे राहिले आणि बागांचा वार्षिक खर्च महापालिकेकडे आला. नागपुरातही बागा महापालिका आणि १९३६च्या कायद्याने स्थापन झालेला सुधार प्रन्यास यांच्यात विभागल्या गेल्या. महाराजबाग तर कृषी विद्यापीठाकडे आहे.

जमीन : सर्वांत महाग आणि हिशेबात सर्वांत कमी दिसणारा भाग

आरक्षित जमीन मिळवण्याचे मार्ग १९६६च्या अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये दिले आहेत : मालकाशी तडजोडीने रोख खरेदी, जमिनीच्या मोबदल्यात चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर देणे, किंवा सक्तीचे भूसंपादन. २०१४च्या जानेवारीपासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम देणे भाग पाडले. शहरातली जमीन त्यामुळे रोख विकत घेणे पालिकेला जवळजवळ अशक्य झाले. एका मोठ्या मैदानाच्या संपादनात उद्यान विभागाचे अनेक वर्षांचे अंदाजपत्रक संपू शकते.

टीडीआरची सोय मुंबईत १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणली. मालक जमीन पालिकेला देतो आणि तिच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा दाखला घेतो. २०१६ नंतर राज्यातील इतर शहरांत जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर देण्याची तरतूद झाली. तिजोरीतून पैसा जात नाही म्हणून हा मार्ग फुकटचा वाटतो. पण टीडीआर जिथे वापरला जातो तिथे इमारती उंचावतात, लोकवस्ती वाढते आणि पाणी, रस्ते, शाळा व मैदानांची गरजही वाढते. एका प्रभागाला उद्यान मिळते, त्याचा भार दुसरा प्रभाग उचलतो आणि या भाराची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात होत नाही.

आरक्षणाला काळाचे बंधन आहे. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, आता २४ महिन्यांत, संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. ही पावले म्हणजे केवळ प्रस्तावाचा कागद पुढे सरकवणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे पैसा वेळेवर उभा न राहणे ही निव्वळ दिरंगाई राहत नाही. आरक्षण गेले की ती जागा शहराच्या हातून कायमची निसटते.

पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण या अडचणीचे सगळे पदर दाखवते. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतील टेकड्या आणि उतार मिळून सुमारे ९७८ हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण सुचवले गेले. बांधकाम पूर्ण थांबवायचे की थोड्या प्रमाणात मुभा द्यायची, यावर अनेक वर्षे वाद झाला. राज्य सरकारने २०१५ मध्ये आरक्षण कायम केले आणि मालकांना ८ टक्के टीडीआर देण्याचे ठरवले. सपाट आरक्षित जमिनीला दुप्पट टीडीआर मिळत असताना टेकडीला ८ टक्के मिळणार म्हटल्यावर मालक पुढे आले नाहीत. पूर्ण रोख मोबदला महापालिकेला झेपणारा नव्हता. जमीन कागदावर राखीव राहिली, ताब्यात फारशी आली नाही आणि मधल्या काळात उतारांवर बांधकामे होत राहिली.

मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींनी दुसरी बाजू दाखवली. १९९१च्या नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश जागा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असे सूत्र होते. सुमारे ६०० एकरांच्या गिरणगावात यातून पैसा खर्च न करता मोठी मैदाने मिळाली असती. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि हा हिस्सा पूर्ण जागेऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेवर मोजायचा ठरला. गिरण्यांच्या आवारात रिकामी जागा मुळातच थोडी, त्यामुळे शहराचा वाटा आकसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. एका वाक्याच्या दुरुस्तीने गेलेली ही जागा कोणत्याही उद्यान निधीतून परत घेता आली नसती.

नव्या गृहप्रकल्पांत मात्र नियमाने जागा मिळत राहते. २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या आखणीत १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. अशा जागा बहुधा सोसायटीच्या भिंतीआड राहतात. त्या शहराच्या आकडेवारीत मोकळ्या जागा म्हणून मोजल्या गेल्या, तरी शेजारच्या वस्तीतील मुलाला तिथे चेंडू घेऊन जाता येत नाही.

केंद्राच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. मुंबईचे वेगवेगळे अंदाज एक ते दोन चौरस मीटरच्या आसपास फिरतात. शहरात नवी मोठी जागा निघण्याचे प्रसंग आता क्वचितच येतात. किनारी रस्त्याच्या भरावावरील सुमारे ७० हेक्टर जागा आणि महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकरांपैकी २०२४ मध्ये उद्यानासाठी पालिकेकडे देण्याचे ठरलेले १२० एकर हे असे दोन प्रसंग. एक जागा समुद्रातून आली, दुसरी भाडेपट्टा संपलेल्या सरकारी जमिनीतून. खासगी मालकाकडून विकत घेतलेली त्यांत एकही नाही.

उभारणी : दाते अनेक, वेळापत्रके वेगळी

जागा हाती आली की उभारणीचा पैसा तुलनेने लवकर मिळतो. भांडवली कामाला सुरुवात, शेवट आणि उद्घाटन असते, त्यामुळे दात्याचे नाव त्यावर लागू शकते.

केंद्राच्या योजनांत उद्यानांचा वाटा छोटा पण ठरलेला असतो. २०१५ मध्ये ५०० शहरांसाठी सुरू झालेल्या अमृत अभियानात हरित जागा आणि बालस्नेही उद्याने हा एक घटक होता आणि त्यासाठी राज्याच्या वार्षिक आराखड्याच्या जास्तीत जास्त २.५ टक्के रक्कम वापरता येत होती. त्याच दिवशी सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानातून पुण्यात औंध-बाणेर-बालेवाडी भागात छोट्या मोकळ्या जागा विकसित झाल्या. २०२० मध्ये जाहीर झालेल्या नगर वन योजनेने शहरांतील वनजमिनींकडे लक्ष वळवले. त्यासाठी पुण्यातील वारज्याचे शहरी वन नमुना म्हणून दाखवले गेले.

राज्याच्या बाजूने नगरोत्थान अभियान आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी हे नेहमीचे मार्ग आहेत. छोट्या नगरपरिषदांना स्वतःच्या उत्पन्नातून बाग बांधणे परवडत नाही, म्हणून त्या यावरच अवलंबून असतात. २०२५ मध्ये राज्याने ३९४ नगरपरिषदा व नगरपंचायतींना प्रत्येकी एक कोटी रुपये देऊन नमो उद्यान उभारण्याची योजना जाहीर केली. सर्व गावांना एकच रक्कम देण्यात कार्यवाहीची सोय असते. गावाची लोकसंख्या, उपलब्ध पाणी आणि पुढचा खर्च पेलण्याची ताकद मात्र गावागणिक वेगळी असते.

लोकप्रतिनिधींचा निधी हा उद्यानांत सर्वांत जास्त नजरेला पडणारा पैसा. खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. राज्यात आमदार निधीही वाढत पाच कोटींवर गेला आहे. बाकडी, कमान, ओपन जिम, विरंगुळा केंद्र, पदपथावरचे दिवे ही त्यातली आवडती कामे. खासदार निधीच्या नियमांप्रमाणे तयार झालेली मालमत्ता सांभाळण्याची हमी संबंधित यंत्रणेने आधी द्यायची असते. ती हमी बहुतेक वेळा कागदावर उरते, कारण हमी देणाऱ्या उद्यान विभागाच्या मंजूर रकमेत त्यामुळे एका रुपयाचीही भर पडत नाही. वांद्र्याच्या किनाऱ्यावरील फिरण्याच्या वाटांना या निधीचा उपयोग झाला तेव्हा रहिवासी संघटना, वास्तुविशारद आणि प्रायोजक आधीपासून सोबत होते. त्यामुळे पुढची राखणही झाली.

महापालिकेच्या आत नगरसेवकांचा निधी हा आणखी एक प्रवाह. पुण्यात त्याला ‘स’ यादी म्हणतात. प्रभागातील छोट्या कामांसाठी तरतूद ठेवली जाते आणि वर्षअखेरीस न झालेल्या कामांचे पैसे वर्गीकरणाने दुसऱ्या कामांकडे वळवले जातात. वर्गीकरणात बाकडी, फलक आणि रंगरंगोटी यांना जास्त वाव मिळतो. माळ्यांचा पगार त्यातून दिला जात नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू केली. प्रभागातील किरकोळ गरजा त्यातून नोंदवल्या जातात, पण रकमा लहान असतात.

कर्ज आणि रोखे या मार्गाने उद्यानांना पूर्वी फारसा पैसा आला नाही, कारण रोख्याची परतफेड नियमित उत्पन्नातून करायची असते आणि बाग ते देत नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले ते पाणीपुरवठ्यासाठी. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढून पायी व सायकलने जाण्याच्या हरित सेतू मार्गांसाठी पैसा उभारला. त्याची परतफेड मार्गांच्या उत्पन्नातून होणार नसून महापालिकेच्या एकूण पतीवर उभी आहे. चांगली पत असलेल्या पालिकेलाच हे शक्य होते.

काही वेळा दुसऱ्या विभागाचा पैसा उद्यानाखाली येतो. दादर-परळ भागातील हिंदमाता परिसरात दर पावसाळ्यात तुंबणारे पाणी साठवण्यासाठी मुंबई पालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या. पर्जन्यजल विभागाच्या खर्चातून वरची जागा पुन्हा मांडून घेता येते, हा त्याचा फायदा. मात्र हीच युक्ती वाहनतळासाठी वापरायची ठरली तेव्हा वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाप्रमाणे रहिवाशांनी विरोध केला : खाली काँक्रीटचे छत आले की मोठी झाडे तिथे पुन्हा रुजत नाहीत.

देखभाल : दरवर्षी लागणारा पैसा

बागेच्या वार्षिक खर्चात माळी, सुरक्षारक्षक, पाणी, वीज, स्वच्छतागृहाची सफाई, खेळण्यांची दुरुस्ती आणि पाचोळा उचलणे ही मुख्य कलमे असतात. हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागते. टँकरने ते द्यायचे तर खर्च वाढतो, बोअरवेल आटते. नवी मुंबईने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतील पाणी बागांना देऊन हा भार कमी केला आहे. झाडांच्या सावलीची बाग कमी पाण्यावर जगते; कारंजी, कृत्रिम धबधबे आणि रोषणाई असलेल्या बागेचा खर्च मात्र उभारणीच्या दिवशीच पुढच्या अनेक वर्षांसाठी ठरून जातो.

हा पैसा पालिकेच्या सर्वसाधारण उत्पन्नातून येतो आणि ते उत्पन्न वाढवण्याची मुभा आता मर्यादित आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचे अनुदान राज्याकडून मिळते. ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते, पण शहराच्या हातात तो दर नाही. मालमत्ता कर हा उरलेला मोठा स्रोत. त्यावर सवलतींचे राजकीय दडपण सतत असते. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली, तर पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांची ४० टक्के सवलत काही वर्षे थांबून २०२३ मध्ये परत आली.

दुसरी मर्यादा नोकरभरतीची. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे राज्याचे बंधन असल्याने निवृत्त माळ्यांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि बागा ठेकेदाराकडे जातात. निविदेत क्षेत्रफळानुसार दर ठरतो, सर्वांत कमी दराला काम मिळते आणि झाडांची जाण असलेला माणूस टिकण्याऐवजी कंत्राटाबरोबर बदलत राहतो. मोठ्या शहरातील उद्यान अधीक्षकाचा वेळही लागवडीपेक्षा देयके तपासण्यात जास्त जातो.

राखीव म्हणता येईल असा एकच कर या क्षेत्रात दिसतो. झाडांचे संरक्षण व जतन करणाऱ्या १९७५च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष निधी निर्माण केला आणि मालमत्ता कराच्या देयकात वृक्ष उपकर आला. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. पण या निधीचा विषय झाड आहे, मैदान नाही. मैदानाचे सपाटीकरण किंवा स्वच्छतागृहाची सफाई त्यात बसत नाही.

तिकीट आणि भाडे

प्रवेश शुल्कातून किती साधते, हे राणीच्या बागेत दिसले. २०१६ मध्ये हंबोल्ट पेंग्विन आल्यानंतर २०१७च्या ऑगस्टपासून प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. मुलांसाठी २५ रुपये आणि चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपये असा दर ठरला. उत्पन्न अनेक पटींनी वाढले, तरी प्राण्यांचा आणि वातानुकूलित दालनांचा खर्चही तसाच वाढला. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यानासारख्या खास बागांनाही शुल्क आहे. ज्या बागेकडे लोक मुद्दाम प्रवास करून येतात, तिथे तिकीट चालते. गल्लीतल्या बागेला तिकीट लावले तर वसुलीचा खर्च उत्पन्नाच्या जवळ जातो आणि ज्यांना घरात मोकळी हवा नाही तेच बाहेर राहतात.

मैदानांचे भाडे हा जुना मार्ग. सभा, प्रदर्शने, लग्ने, गणेशोत्सव, नवरात्र यांसाठी मैदाने दिली जातात. त्यातून पैसा येतो आणि खेळाचे दिवस कमी होतात. म्हणूनच शिवाजी पार्कावर खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना वर्षातून ४५ दिवसांची मर्यादा आहे. क्रीडा संकुलांत आणि तरणतलावांत सदस्यत्व शुल्क असते. मुंबईत अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल चालवण्यासाठी पालिकेने वेगळे प्रतिष्ठान नेमले. बालेवाडीचे राज्य क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी त्यात भर पडली. स्पर्धेसाठी आलेला पैसा भांडवली होता. स्पर्धा संपल्यावर एवढ्या मोठ्या संकुलाचा रोजचा खर्च राज्याच्या क्रीडा खात्याकडे उरला.

डोंगरवाटा आणि जंगलवाटा बहुतांश वन विभागाकडे असतात. मुंबईतील सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान राज्याच्या वन खात्याच्या निधीवर आणि प्रवेश शुल्कावर चालते. पालिकेचे उद्यान खाते त्यात नाही. पुण्याच्या टेकड्यांवर काही जागा वन विभागाची, काही महापालिकेची, काही खासगी. सकाळी फिरणाऱ्याला वाट एकच वाटते, पण ती वाट दुरुस्त कोणी करायची हे पावलापावलावर बदलते.

दत्तक, प्रायोजक आणि कंपन्या

पैसा कमी पडू लागला तेव्हा महापालिकांनी मैदाने संस्थांना दत्तक देण्याचा मार्ग धरला. त्याचे चांगले उदाहरण ओव्हल मैदान. राज्य सरकारच्या मालकीचे हे मैदान १९९०च्या दशकात उपेक्षित पडले होते. चर्चगेट भागातील रहिवाशांनी न्यायालयात जाऊन लढा दिला आणि पुढे त्यांच्या न्यासाने देणग्यांवर मैदान राखले. या यशाचे कारण परिसराच्या आर्थिक क्षमतेतही आहे. गोवंडी किंवा धारावीत तेवढी वर्गणी जमणार नाही.

दत्तक योजनेची दुसरी बाजू मुंबईत वादाची ठरली. मनोरंजन मैदानांवर क्लब उभे राहिले, सदस्यत्वाशिवाय प्रवेश मिळेना. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, नागरिकांनी विरोध केला आणि राज्य सरकारने त्याला स्थगिती देऊन दिलेली मैदाने परत घेण्यास सांगितले. काही मैदाने परत आली, पण त्यांच्या देखभालीचा पैसा पालिकेला पुन्हा स्वतःच शोधावा लागला. २०२३ मध्ये पुन्हा धोरण आखले गेले तेव्हा तेच आक्षेप पुन्हा उठले. संस्था खर्च करणार असेल तर ती कोणता अधिकार मागणार, हा या प्रत्येक वादाचा गाभा आहे.

२०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. पर्यावरण हा त्यातील मान्य विषय असल्याने चौक, दुभाजक आणि छोटी उद्याने या पैशातून सजतात. हा पैसा कंपनीच्या नफ्याबरोबर कमी-जास्त होतो आणि दर्शनी रस्त्यांकडे ओढला जातो. न्यायालयांनी मात्र एक सीमा घालून दिली आहे. बंगळुरूत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला आणि लखनौच्या अमीनाबादमधील बागेखाली उभारलेले व्यापारी संकुल पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश १९९९ मध्ये दिला. उत्पन्नासाठी उद्यानाचा मूळ उपयोग बदलता येत नाही, असे यातून ठरले.

हिशेब आणि पर्याय

उद्यानाची खरी किंमत हिशेबात न दिसणे हीच एक मोठी अडचण आहे. राष्ट्रीय नगरपालिका लेखा पुस्तिकेच्या पद्धतीत विनामोबदला मिळालेली जमीन १ रुपया या नाममात्र किमतीने नोंदवली जाते. कोट्यवधींचे मैदान ताळेबंदात एका रुपयाचे आणि त्याची देखभाल मात्र दरवर्षीचा खर्च, असे चित्र उभे राहते. टीडीआरचा भार लिहिला जात नाही. पूर टळणे, उष्मा कमी होणे, म्हाताऱ्यांना चालायला जागा मिळणे यांचा लाभही लिहिला जात नाही.

इतर देशांत यावर वेगवेगळे उपाय झाले. शिकागोत १९३४ पासून उद्यानांसाठी स्वतंत्र मंडळ असून त्याला मालमत्तेवर स्वतःचा कर लावता येतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची देखभाल १९८० मध्ये स्थापन झालेली नागरिकांची संस्था मुख्यत्वे देणग्यांवर करते, मात्र मालकी आणि धोरण शहराकडे आहे. ब्रिटनमध्ये उद्याने स्थानिक संस्थांचे बंधनकारक कर्तव्य नाहीत. लॉटरी निधीतून तिथल्या जुन्या बागांचा जीर्णोद्धार झाला, पण स्थानिक संस्थांच्या अनुदानात कपात झाल्यावर त्याच बागांचे रोजचे काम आखडले. महाराष्ट्राची स्थिती ब्रिटनच्या अधिक जवळची आहे.

राज्यातल्या चौकटीत शक्य असलेले पर्याय यावरून स्पष्ट होतात. पहिला, उद्याने व मैदानांची किमान देखभाल बंधनकारक कर्तव्यांत आणणे. दुसरा, कोणत्याही भांडवली अनुदानाबरोबर किंवा लोकप्रतिनिधी निधीबरोबर पहिल्या काही वर्षांच्या देखभालीची रक्कम ठेव म्हणून बाजूला काढणे. तिसरा, नवे चटईक्षेत्र आणि टीडीआर यांवर मिळणाऱ्या अधिमूल्याचा ठरलेला वाटा वाढत्या वस्तीच्या भागातच मैदानांसाठी राखणे, म्हणजे भार आणि सुविधा एका जागी येतील. चौथा, वृक्ष निधीचा वापर उद्यानांच्या मातीपाण्यापर्यंत रुंदावणे. पाचवा, दत्तक करारांत प्रवेश, वेळ आणि शुल्क या बाबी जाहीर ठेवून कराराची मुदत आखूड ठेवणे. सहावा, लागवड आणि रचना अशा ठेवणे की कमी पाण्यावर, कमी यंत्रांवर जागा टिकेल.

यांपैकी कोणताही पर्याय जमिनीच्या प्रश्नाला थेट उत्तर देत नाही. आराखड्यातील आरक्षणे मुदतीत घेण्यासाठी वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेला रोख निधी लागतो आणि तो उभारायचा तर आजच्या करदात्याने पुढच्या पिढीच्या मैदानाचे पैसे द्यावे लागतात. देखभालीची व्यवस्था लावणे त्यामानाने सोपे आहे : त्यासाठी नवी जमीन लागत नाही, मोठे कर्ज लागत नाही, लागते ती अंदाजपत्रकात दरवर्षी न कापली जाणारी एक ओळ.